डहाणूचे धुराडे आणि आपल्या घरातील वीज

भाईंदर पूर्वेच्या खारी गावात येणारे विजेचे बिल हाती घेतले तर आज त्यावर अदानी इलेक्ट्रिसिटीचे नाव दिसते. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यापर्यंत तेथे रिलायन्सचे नाव होते, आणि त्याहीपूर्वी बीएसईएस ही अक्षरे असत, हे ज्येष्ठांना आठवत असेल. मालक बदलले, बिलाचा रंग बदलला. परंतु या तिन्ही काळांत मुंबईच्या उपनगरांना आणि मीरा-भाईंदरला मिळणाऱ्या विजेचा एक महत्त्वाचा उगम तोच राहिला. तो म्हणजे आपल्यापासून सुमारे ८० किलोमीटर उत्तरेस, डहाणूच्या खाडीकाठी उभे असलेले ५०० मेगावॅटचे औष्णिक विद्युत केंद्र. तेथून निघालेल्या २२० किलोव्होल्टच्या वाहिन्या घोडबंदर, वर्सोवा आणि आरे येथील केंद्रांपर्यंत येतात. आपल्या घरातील दिवा नेमका कोणत्या चुलीवर पेटला हे कोणालाच सांगता येत नाही, कारण जाळ्यात शिरलेली वीज एकमेकींत मिसळते. तरीही डहाणूचा आपल्याशी असलेला संबंध नाकारता येणार नाही.

हे केंद्र सहजासहजी उभे राहिलेले नाही. त्याच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. याचिकाकर्ते हरले. आणि हरल्यानंतर त्यांच्या हाती जे आले ते जिंकणाऱ्यांच्याही हाती क्वचित येते. या खटल्याचे महत्त्व वकिलांपुरते मर्यादित नाही. ऊर्जेसाठी नाजूक जागेवर प्रकल्प येतो तेव्हा न्यायालय काय करू शकते आणि काय करीत नाही, हे समजून घेण्यास महाराष्ट्रात याहून चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही. आणि आता विजेच्या वाहिन्या आपल्याच खाडीतील तिवरांतून जाऊ लागल्या आहेत. म्हणून हा विषय डहाणूकरांपुरताही उरलेला नाही.

सरकारी जमीन म्हणजे कोणाची?

प्रथम एक मूलभूत प्रश्न. वनजमीन, खाडी, किनारा, गायरान, मिठागरे यांतील बहुतेक जमिनी कागदोपत्री शासनाच्या असतात. एखाद्या प्रकल्पासाठी शासन त्या भाडेपट्ट्याने देते किंवा, वनखात्याच्या भाषेत, 'वळविते'. मालकी शासनाकडे राहते, वापर कंपनीकडे जातो. मग शासनाला आपली वस्तू हवी त्याला देण्याचा अधिकार आहे, असे म्हणून हा प्रश्न संपतो का?

१३ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर दिले. हिमाचल प्रदेशात कुलू-मनालीच्या खोऱ्यात बियास नदीकाठची वनजमीन एका हॉटेल कंपनीला भाडेपट्ट्याने देण्यात आली होती. मेहता विरुद्ध कमलनाथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात न्यायालयाने तो भाडेपट्टा रद्द केला. नदी, किनारा, वने यांचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व तेव्हापासून आपल्या कायद्याचा भाग झाले. विश्वस्त म्हणजे काय हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. चर्चची किंवा गावकीची मालमत्ता ज्यांनी सांभाळली आहे त्यांना ठाऊक आहे की विश्वस्ताला मालमत्तेचा व्यवहार करता येतो. मात्र ज्यांच्यासाठी ती ठेवलेली आहे त्यांचा विचार न करता तो करता येत नाही, आणि विचार केला हे दाखवूनही द्यावे लागते.

याखेरीज वनजमिनीसाठी १९८० चा वनसंवर्धन कायदा आहे (२०२३ च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलले), किनाऱ्यासाठी १९९१, २०११ आणि २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचना आहेत आणि या सर्वांच्या वर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर तो झाला. डहाणूची सारी कथा या शेवटच्या कायद्याभोवती फिरते.

खटला हरला, अटी उरल्या

१९२९ साली स्थापन झालेली बीएसईएस ही दीर्घकाळ केवळ वीज वितरण करणारी कंपनी होती. वीज ती टाटांकडून विकत घेई. उपनगरे वाढली तशी कंपनीला स्वतःचे केंद्र हवेसे वाटू लागले. ही गरज खोटी होती असे म्हणता येणार नाही. जागा निवडली गेली ती डहाणूची. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वारली आदिवासींच्या वस्तीचे जंगल आणि मध्ये चिकूच्या बागा. याच डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

मार्च १९८९ मध्ये केंद्र शासनाने प्रकल्पास पर्यावरणीय मंजुरी दिली. तज्ज्ञ समितीचा आरंभीचा कल या जागेच्या विरुद्ध होता. पुढे तो बदलला आणि सशर्त मंजुरी आली. डहाणूतील पर्यावरणप्रेमी नागरिक आणि मुंबईतील बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप यांनी या मंजुरीस उच्च न्यायालयात आव्हान दिले. १२ डिसेंबर १९९० रोजी ते फेटाळले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९ मार्च १९९१ रोजी तेथेही फेटाळले गेले.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका थोडक्यात अशी होती. सार्वजनिक प्रकल्पाची गरज आणि पर्यावरणाची हानी यांचा तोल साधण्याचे काम मुख्यतः शासनाचे आहे. शासनाने सर्व संबंधित बाबी विचारात घेतल्या की नाही, एवढेच न्यायालय तपासील. शासनाच्या जागी बसून निर्णय घेणार नाही. अनेकांना ही भूमिका निराशाजनक वाटते. मला ती तेवढी वाटत नाही. न्यायाधीश हे वीज अभियंते नव्हेत आणि वनस्पतिशास्त्रज्ञही नव्हेत. शिवाय त्याच निकालात एक वाक्य असे होते की ज्याने पुढील सोळा वर्षे कंपनीची पाठ सोडली नाही. धुरातील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसविण्याची जी अट मंजुरीत आहे ती, परिणामांचा पूर्ण विचार केल्यावाचून, शिथिल करू नये, असा त्याचा आशय होता.

या निकालाला तीन महिने पूर्ण झाले आणि २० जून १९९१ रोजी केंद्र शासनाने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा आखण्यात आला. उद्योगांची हिरवे, नारिंगी आणि लाल अशी वर्गवारी झाली, लाल वर्गातील उद्योगांना बंदी झाली आणि उद्योगांसाठी साऱ्या तालुक्यात मिळून जास्तीत जास्त ५०० एकर जमीन ठरविण्यात आली. वीज केंद्राला मात्र आधीच मंजुरी मिळालेली होती. आधी धुराडे मंजूर करावयाचे आणि मग ती जागा नाजूक आहे असे जाहीर करावयाचे, हा क्रम पाहून हसावे की रडावे हे कळत नाही. तरी ही अधिसूचना डहाणूला लाभली हे मोठेच झाले. नर्गिस इराणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या पाठपुराव्याचा त्यात वाटा आहे.

राखणदार कोण?

अधिसूचना कागदावर असते. तिची अंमलबजावणी कोण करणार? केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झाले, गंधक काढणारी यंत्रणा बसली नव्हती आणि तालुक्यात अधिसूचनेचे उल्लंघन चालूच होते. त्यावर बिट्टू सहगल यांनी १९९४ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यायालयाने आदेश दिला की पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ३ खाली डहाणूसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावे आणि त्याच्या अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असावेत. १९ डिसेंबर १९९६ रोजी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. अध्यक्ष झाले न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. ३ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले; तोपर्यंत हे प्राधिकरण आणि त्यांचे नाव एकमेकांपासून वेगळे काढता येत नसे.

या प्राधिकरणाची खरी परीक्षा गंधकाच्या प्रश्नावर झाली. तो थोडा समजून घेऊ. आपल्याकडील कोळशात राख फार आणि गंधक त्यामानाने कमी असते. डहाणूचा कोळसा छत्तीसगडच्या खाणींतून रेल्वेने येतो. ५०० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले की रोज काही हजार टन कोळसा जाळते. त्यामुळे टक्केवारी कमी असली तरी एकूण गंधक थोडे राहत नाही. ते जळून सल्फर डायऑक्साइड वायू होतो. हवेतील ओलाव्याशी संयोग झाला की त्याचे आम्ल बनते आणि त्याचे सूक्ष्म कण फुप्फुसांत शिरतात. त्यावर कंपनीकडे एक उपाय होता, तो म्हणजे २७५ मीटर उंचीचे धुराडे. परंतु उंच धुराडे वायू दूर पसरविते, तो नाहीसा करीत नाही. शेजारच्या अंगणात केर लोटण्याचाच हा प्रकार, अंगण तेवढे जरा दूरचे.

यंत्रणेचे तत्त्व मात्र साधे आहे. समुद्राचे पाणी स्वभावतः किंचित अल्कधर्मी असते. धूर या पाण्याच्या फवाऱ्यातून नेला की गंधकाचा वायू पाण्यात विरघळतो. मग त्या पाण्यात हवा सोडून त्याचे सल्फेट बनविले जाते, जे समुद्रात मुळातच विपुल आहे. किनाऱ्यावरील केंद्राला ही सोय हाताशी असते. अडचण विज्ञानाची नव्हती, खर्चाची होती. कोळशात गंधक कमी आहे आणि परिसरातील हवा ठरविलेल्या मर्यादेत आहे, मग एवढा खर्च कशासाठी, असे कंपनीचे म्हणणे होते. बागायतदार चिकूच्या घटत्या उत्पन्नाकडे बोट दाखवीत होते. दोन्ही बाजूंकडे आपापले आकडे होते.

मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने सहा महिन्यांत यंत्रणा बसविण्याचा आदेश दिला. कंपनी न्यायालयात गेली. सहा महिन्यांची सहा वर्षे झाली. दरम्यान बीएसईएसची रिलायन्स एनर्जी झाली. २००५ साली प्राधिकरणाने यंत्रणा खरोखरच बसेल याची हमी म्हणून ३०० कोटी रुपयांची बँक हमी देण्यास सांगितले, तेव्हा पुन्हा न्यायालयाची पायरी चढण्यात आली. अखेर २००७ साली यंत्रणा सुरू झाली. १९८९ च्या मंजुरीतील अट पूर्ण होण्यास १८ वर्षे लागली आणि त्यांतील १२ वर्षे केंद्र तिच्याविना चालले.

हे यश म्हणावे की अपयश? बारा वर्षांचा धूर ज्यांनी सोसला त्यांच्या दृष्टीने उत्तर उघड आहे. परंतु देशाकडे पाहिले म्हणजे दुसरी बाजू दिसते. कोळशावरील केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची राष्ट्रीय मर्यादा भारतात प्रथम ठरली ती ७ डिसेंबर २०१५ रोजी. तिची मुदत २०१७ ची होती. ती वारंवार पुढे ढकलली गेली. ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने तर देशातील सुमारे ७८ टक्के केंद्रांना ही यंत्रणा बसविण्यातून सूट मिळाली. दहा लाखांहून मोठ्या शहरांजवळची केंद्रे तेवढी सक्तीत राहिली आणि त्यांनाही डिसेंबर २०२७ पर्यंतची मुदत मिळाली. डहाणूसारख्या लहान गावाजवळच्या केंद्रात ती राष्ट्रीय नियम होण्याच्या आठ वर्षे आधी बसली, कारण तेथे अट लिहिलेली होती, ती विसरू न देणारे नागरिक होते आणि ऐकून घेणारे प्राधिकरण होते. या तिघांपैकी एक जरी नसते तरी ती अट मंजुरीच्या कागदातच राहिली असती.

यंत्रणेचा खर्च कोणी सोसला, असा प्रश्न एखादा वाचक विचारील. वीज नियामक आयोगाने मान्य केलेला भांडवली खर्च वीजदरात धरला जातो. म्हणजे डहाणूची हवा स्वच्छ ठेवण्याच्या खर्चाचा वाटा खारीतील ग्राहकाच्या बिलातही येतो. तो यावा, असेच माझे मत आहे. वीज आपण वापरतो.

दोन आणखी प्रकरणे

प्रकल्प थांबविणे किंवा होऊ देणे एवढे दोनच मार्ग न्यायालयापुढे असतात, असा समज आहे. गोव्यातील मोले येथील प्रकरण वेगळे सांगते. छत्तीसगडमधील तमनारहून गोव्यात वीज आणणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीचा मार्ग भगवान महावीर अभयारण्याच्या जंगलातून आखला होता. गोवा फाउंडेशनने त्यास विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला, की नवा पट्टा तोडण्याऐवजी आधीच्या २२० किलोव्होल्ट वाहिनीचाच मार्ग वापरावा. २०२२ साली न्यायालयाने ती शिफारस स्वीकारली. वीज येईल, पण त्यासाठी जंगलात दुसरी पायवाट पाडली जाणार नाही, असा त्याचा अर्थ. ज्या प्रश्नाला 'दुसरा मार्ग आहे का' असे सरळ रूप देता येते, तो न्यायालयापुढे अधिक टिकतो असे दिसते.

दुसरे प्रकरण आपल्या सह्याद्रीतील भीमाशंकरचे. तेथे खेड तालुक्यात पवनचक्क्यांसाठी वनजमीन देण्यात आली. वाऱ्यापासून मिळणारी वीज स्वच्छ, म्हणून विरोध करणारा प्रतिगामी ठरतो. परंतु माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात या प्रकल्पावर कठोर टीका केली. शेकरूच्या अधिवासातून डोंगर फोडून रस्ते काढले गेले, त्यांची माती खाली वाहून आली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे वावरणाऱ्या माणसांनाच जंगलात जाण्यास मज्जाव झाला. वीज स्वच्छ असली तरी जागेचा प्रश्न शिल्लक राहतो. येत्या काळात सौरऊर्जेसाठी माळराने आणि गायराने मागितली जातील, तेव्हा हे ध्यानात ठेवावे लागेल.

राखणदारही बदलतो

डहाणूच्या कथेचा शेवट गोड आहे असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. सप्टेंबर १९९८ मध्ये प्राधिकरणाने वाढवण येथील नियोजित बंदर अधिसूचनेत बसत नाही असा निर्णय दिला होता. तेच बंदर, अधिक मोठ्या रूपात, पुन्हा आले. २०२० साली केंद्राने बंदरांची गणना लाल वर्गात होत नाही अशी भूमिका घेतली. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, नव्या सदस्यांसह, बंदरास अटींवर संमती दिली. १८ एप्रिल २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध त्या दिवशीही होता.

बंदर हवे की नको याविषयी आपल्या वाचकांत दोन मते असतील. तो वाद येथे काढीत नाही. नियम तोच आणि संस्था तीच असूनही पंचवीस वर्षांनी उत्तर उलटे येऊ शकते, एवढेच दाखवावयाचे आहे. न्यायालयाने राखणदार नेमून दिला, परंतु राखणदार कोण असावा हे ठरविणे शासनाच्या हाती राहिले. १९९१ च्या निकालाने निवड शासनाकडे सोपविली होती. २०२४ साली त्याचा दुसरा चेहरा दिसला.

आता आपली खाडी

खारीच्या नावातच खार आहे. भाईंदरची मिठागरे, खाडी आणि काठावरची तिवरे येथील जुन्या कुटुंबांना परकी नाहीत. महापालिकेच्या आणि वर्तमानपत्रांच्या भाषेत त्या तिवरांना खारफुटी म्हणतात. १७ सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रियाज छागला यांनी या खारफुटीसंबंधी निकाल दिला. याचिकाकर्ते होते तेच बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप, जे १९९० साली डहाणूचा खटला हरले होते. खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, तिच्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा राहिला पाहिजे आणि सार्वजनिक हितासाठी अनिवार्य असेल तरच ती तोडता येईल, असे न्यायालयाने ठरविले. सार्वजनिक हित आहे की नाही, हे न्यायालयापुढे येऊन दाखवावे लागते.

त्यामुळे आज वीज कंपन्यांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराची वीज तासन्‌तास गेली होती. शहराबाहेरून वीज आत आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या आहेत ही गोष्ट त्या दिवशी सर्वांना कळली आणि नव्या वाहिन्यांच्या कामाला वेग आला. कुडूसहून आरेपर्यंत सुमारे ८० किलोमीटर लांबीची, १००० मेगावॅट क्षमतेची उच्चदाब वाहिनी त्यांपैकीच. २०२५ साली उच्च न्यायालयाने तिच्यासाठी २०९ खारफुटीची झाडे तोडण्यास परवानगी दिली. वाहिनी आवश्यक आहे, हे न्यायालयाला पटले. डहाणूची चूल जुनी होत आहे, हे ध्यानात घेता मलाही ते पटते. तरीही न्यायालयात जावे लागले म्हणून झाडांची मोजणी झाली, हे विसरता येत नाही.

येथे एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. वीज केंद्राला पर्यावरणीय मंजुरी लागते आणि ती मिळण्यापूर्वी जाहीर जनसुनावणी होते. वीजवाहिनीला २००६ च्या अधिसूचनेनुसार अशी मंजुरी लागतच नाही, म्हणून जनसुनावणीही होत नाही. २००३ च्या वीज कायद्याखाली वाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार देता येतात; मग खाजगी जमिनीवरही मनोरा उभा राहतो आणि जमीनमालकाकडे मुख्यतः नुकसानभरपाईचा प्रश्न उरतो. वनहक्क कायद्याखालील ग्रामसभेच्या संमतीतूनही ५ फेब्रुवारी २०१३ च्या परिपत्रकाने रस्ते, वाहिन्या यांसारख्या सरळ रेषेत जाणाऱ्या बहुतेक प्रकल्पांना वगळले आहे. उरतात त्या वनखात्याची परवानगी, किनारा नियमन प्राधिकरणाची परवानगी आणि खारफुटी असेल तर उच्च न्यायालय. यांपैकी 'ही वाहिनी येथूनच का' हा प्रश्न उघड्या दालनात विचारला जाण्याची जागा मुख्यतः शेवटचीच.

तेव्हा धर्मग्रामातील कोणाच्या शेताजवळ, मिठागरात किंवा खाडीकाठी मोजणीच्या खुणा दिसल्या, तर घाबरून जाऊ नये आणि दुर्लक्षही करू नये. जमीन कोणाच्या नावे आहे हे सातबारावर पाहावे. कोणत्या परवानग्या घेतल्या आणि त्यांत कोणत्या अटी आहेत, हे माहिती अधिकाराखाली लेखी विचारावे. पर्यायी मार्ग तपासला होता का, याची नोंद मागावी. मोल्याच्या प्रकरणात सारे काही याच प्रश्नावर ठरले. परवानगी मिळून काम सुरू झाले असेल तर अटींची प्रत हाती असणे अधिकच महत्त्वाचे.

मुदतीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आपली माणसे येथेच चुकतात. पर्यावरणीय किंवा वनविषयक मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. योग्य कारण दाखविल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यानंतर एकही नाही. महाराष्ट्रासाठी त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यास आहे. पर्यावरणीय मंजुरी मिळाल्याची जाहिरात कंपनीने जिल्ह्यातील दोन वृत्तपत्रांत देणे बंधनकारक असून त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. ती जाहिरात बहुधा आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, निविदांच्या शेजारी छापलेली असते.